रंगाचे डाग काढताना: आधी रंग ओळखा, मग फरशी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या शिंगांना लावायचा ऑइल पेंट ओट्यावर सांडतो. घटस्थापनेआधी दसरा काढताना भिंतींना हात मारला की फरशीभर शिंतोडे पडतात. लगीनसराईत तर ऐन उन्हाळ्यात रंगारी बोलवावा लागतो. मराठवाड्यातल्या घरांत रंगाचे डाग पडायच्या वेळा जवळजवळ ठरलेल्याच आहेत. डाग दिसला की हाताला लागेल ते त्यावर ओतलं जातं: संडास धुवायचं अॅसिड, थिनर, नाहीतर तारेची घासणी. रंग निघतोही, पण त्याच्यासोबत शहाबादीची चकाकी जाते, स्विचबोर्डाचं प्लास्टिक चिकट होतं, सागवानी दाराचं पॉलिश उतरतं. डागापेक्षा उपायानंच जास्त नुकसान झालेली घरं गल्लोगल्ली दिसतील.

त्यामुळे बाटली उघडण्याआधी दोन गोष्टी नक्की करा. सांडलंय ते नेमकं काय, आणि सांडलंय ते कशावर.

रंग कोणता ते कसं ओळखायचं

रंगारी अजून घरात असेल तर डबा बघा, प्रश्न मिटला. जुना डाग असेल तर आधी ओल्या फडक्यानं जोरात घासा. फडक्याला पांढरं किंवा रंगीत पीठ लागलं तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर. काहीच लागलं नाही तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून डागावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चोळा. कापसाला रंग आला आणि डाग मऊ, चिकट झाला तर तो इमल्शन, म्हणजे ज्याला आपण प्लॅस्टिक पेंट म्हणतो तो. कापूस कोराच राहिला तर ऑइल पेंट.

हा फरक का महत्त्वाचा? इमल्शन ओलं असेपर्यंत पाण्यात विरघळतं. पाणी उडून गेलं की त्यातले प्लास्टिकचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो आणि मग नुसतं पाणी काही करू शकत नाही. ऑइल पेंट वेगळ्या पद्धतीनं वाळतो. त्यातलं टर्पेंटाइन उडतं आणि उरलेलं तेल-राळ हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होत जाते. पहिल्या काही तासांत टर्पेंटाइननं तो सहज निघतो. पुरता मुरला की टर्पेंटाइन कितीही चोळा, नुसती वरची चमक जाते. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं परत चुनखडी होतो, म्हणून त्याला आंबट पदार्थ लागतो, साबण नाही. पण शहाबादीसारख्या फरशीवर आंबटही चालत नाही, ते पुढं येतंच.

वेळेचा हिशेबही यावरूनच लावायचा. इमल्शन वरून सुकायला साधारण अर्धा तास लागतो. एप्रिल-मेमध्ये लातूर-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फरशी आधीच तापलेली असते आणि शिंतोडा त्याहून लवकर धरतो. ऑइल पेंट हाताला कोरडा लागायला पाच-सहा तास आणि टणक व्हायला जवळपास एक दिवस-रात्र घेतो. म्हणून उन्हाळ्यात रंगकाम चालू असताना संध्याकाळी एकदम साफसफाई करू म्हणणं चुकतं. ओलं फडकं आणि बादली रंगाऱ्याच्या शिडीपाशीच ठेवा आणि दर अर्ध्या तासानं फरशी पुसा.

घरात काय आणून ठेवावं

रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन अर्धा लिटर, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर पाव लिटर आणि लांबी (पुट्टी) भरायचा पत्रा. औषधाच्या दुकानातून स्पिरिटची छोटी बाटली. घरातून भांडी घासायचं लिक्विड, व्हिनेगर, जुने टूथब्रश, पांढरी सुती फडकी. फडकं पांढरंच घ्या. रंगीत फडक्याचा रंग थिनरनं सुटतो आणि डागावर दुसरा डाग बसतो.

बोअरच्या पाण्याबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते जड असतं. साबणाच्या वडीला फेस येत नाही आणि वाळल्यावर फरशीवर पांढरे चट्टे राहतात. रंग निघाला नाही असं समजून लोक ते चट्टे घासत बसतात, खरं तर ते क्षार असतात. वडीऐवजी लिक्विड वापरा, ते जड पाण्यातही काम करतं. शेवटचा हात फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

शहाबादी, कडप्पा, कोटा: इथं अॅसिड नको

आपल्या बहुतेक जुन्या घरांत शहाबादी फरशी आहे. कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद लातूर-धाराशिवला जवळ, त्यामुळे ती स्वस्त पडली आणि न्हाणीपासून अंगणापर्यंत सगळीकडे बसली. स्वयंपाकाचा ओटा आणि फडताळं कडप्प्याची, नंतरच्या घरांत कोटा. हे तिन्ही चुनखडीचे दगड. अॅसिड पडलं की फेस येतो. तो फेस घाण निघाल्याचा नसतो, दगड विरघळत असल्याचा असतो. वाळल्यावर तिथं राखाडी, खरबरीत चट्टा राहतो आणि पुढं त्यात हळद-तेलाचे डाग कायमचे शिरतात. लिंबू आणि व्हिनेगरही याच जातीचे, फक्त सौम्य. मार्बल आणि मोझाइकलाही हाच नियम. मोझाइकमध्ये सिमेंट आणि संगमरवराची खडी असते, दोन्हीला अॅसिड खातं. दगड कोणता याची खात्री नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा. जागा मंद झाली तर चुनखडी समजा.

ओलं इमल्शन सांडलं तर आधी पत्र्यानं किंवा पुठ्ठ्यानं रंग मधल्या बाजूला ओढत उचला आणि डब्यात टाका. लगेच बादलीभर पाणी ओतू नका. पातळ झालेला रंग सांध्यांत जातो आणि तिथून काढणं अवघड. उचलून झाल्यावर ओल्या फडक्यानं, दर वेळी घडी बदलत पुसा.

वाळलेल्या इमल्शनच्या शिंतोड्यांना गरम पाण्यात लिक्विड घालून (लिटरला दोन चमचे) फडकं भिजवा आणि डागावर पंधरा मिनिटं ठेवा. मऊ झालेला पापुद्रा प्लास्टिकच्या उलथन्यानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं सरकवून काढा. लोखंडी पत्रा आडवा धरला तरी कडेनं ओरखडा काढतो. राहिलेल्यावर स्पिरिटचा बोळा.

ऑइल पेंट ओला सांडला तर पाणी अजिबात नको. त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी चाळलेली माती टाका, दहा मिनिटं पिऊ द्या, सुपलीनं उचला. मगच टर्पेंटाइन, तेही फडक्यावर घेऊन. डागावर थेट टर्पेंटाइन ओतण्याची चूक सर्रास होते. रंग पातळ झाला की तो वर येत नाही, दगडाच्या छिद्रांतून खाली उतरतो. पोळ्याचा लाल-निळा पेंट शहाबादीत असाच मुरतो आणि पुढच्या पोळ्यापर्यंत दिसत राहतो.

असा मुरलेला डाग काढायचा तर घासून उपयोग नाही, तो ओढून वर आणावा लागतो. त्यासाठी लेप लावतात. वरचा थर आधी प्लास्टिकच्या उलथन्यानं हलकेच खरवडून घ्या. १०० ग्रॅम मुलतानी मातीत थोडं थोडं थिनर घालत श्रीखंडाइतकं घट्ट कालवा. साधारण ५० ते ६० मिली लागतं, पण माती किती बारीक आहे त्यावर कमी-जास्त होईल. चमचा उभा राहिला पाहिजे, लेप वाहता कामा नये. डागाच्या दोन बोटं बाहेरपर्यंत, अर्धा सेंटिमीटर जाड थर द्या. वरून प्लास्टिकचा कागद टाकून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. हे महत्त्वाचं, कारण आपल्या हवेत थिनर तासाभरात उडून जातं आणि मातीचा नुसता पोपडा उरतो. रात्रभर ठेवा. सकाळी कागद काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. खरं काम याच वेळी होतं: वाळताना माती दगडातलं थिनर शोषून वर घेते आणि सुटलेला रंग त्याच्यासोबत येतो. वाळलेला पापुद्रा उलथन्यानं उचला, तो खालच्या बाजूनं रंगलेला दिसला तर लेप लागू पडतोय. गडद डागाला असे दोन-तीन लेप लागतात. एका लेपात फरक पडला नाही म्हणून तारेनं घासायला घेऊ नका.

टाइल, ग्रॅनाइट, काच

विट्रिफाइड टाइलचं सोपं आहे. ती काही पीत नाही, त्यामुळे इमल्शन गरम पाण्यानं आणि पत्र्यानं, ऑइल पेंट थिनरच्या फडक्यानं निघतो. पुट्टीचे आणि पांढऱ्या सिमेंटचे डाग राहिले असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून दहा मिनिटं ठेवा, मग घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. त्रास होतो तो सांध्यांचा. सांध्यातला मसाला सिमेंटचा आणि सच्छिद्र. तिथं रंग शिरला तर टूथब्रशनं एकदा प्रयत्न करा, नाही निघाला तर तेवढा सांधा टोकदार वस्तूनं दोन-तीन मिलिमीटर खरवडून नवीन ग्राउट भरा. तासभर घासण्यापेक्षा हे लवकर होतं.

ग्रॅनाइटला थिनर चालतं. फिकट रंगाचं ग्रॅनाइट मात्र थोडं पितं, त्यावर डाग जुना असेल तर वरचाच लेप.

काचेवरचा रंग ब्लेडनं काढायचा, पण काच आणि ब्लेड दोन्ही साबणाच्या पाण्यानं ओले हवेत. ब्लेड नवीन, काचेशी साधारण ३० अंशात तिरपं, आणि एकाच दिशेनं ढकलायचं. मागं ओढलं की खाली अडकलेला धुळीचा कण चरा काढतो. मराठवाड्यातल्या खिडक्यांवर धूळ किती असते हे वेगळं सांगायला नको, म्हणून आधी काच धुऊन घ्या. फिल्म लावलेल्या काचेला आणि टफन्ड काचेला ब्लेड लावू नका. आरशावर थिनर वापरायचं झालंच तर कडांपासून लांब राहा. कडेतून आत शिरलं की मागचा थर उठतो आणि आरशात काळे डाग पडतात.

लाकूड: दारं, चौकटी आणि माळवदाचे खांब

लाकडावर सांडलेला डाग काढताना खरा प्रश्न असतो तो खालच्या पॉलिशचा. जुन्या सागवानी दाराला चपड्याचं (लाखेचं) पॉलिश असतं आणि चपडा स्पिरिटमध्येच विरघळवलेला असतो. म्हणजे इमल्शनचा शिंतोडा काढायला स्पिरिट लावलं तर शिंतोड्याआधी पॉलिशच निघेल. बिजागरीमागं एक थेंब लावून बघा. बोट चिकटलं तर चपडा. अशा दाराला फक्त कोमट साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि लाकडी किंवा प्लास्टिकचं उलथनं. थोडं धूसर झालं तर फडक्यावर मेण घेऊन चोळा. चुन्याचे थेंब ओल्या फडक्यानं पुसून नंतर पाण्यात दहापट पातळ केलेल्या व्हिनेगरचा एक हात आणि लगेच कोरडं पुसणं, एवढं पुरतं.

मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असेल तर टर्पेंटाइन चालतं, एनसी थिनर चालत नाही.

माळवदाच्या घरातले खांब, तुळया, कोरीव चौकटी यांचं काम वेगळं. त्यावर वर्षानुवर्षांचे ऑइल पेंटचे थर असतात, एकावर एक. ते काढून मूळ सागवान उघडं करायची सध्या बरीच हौस आहे, पण आधी हे लक्षात घ्या: जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांवर नेऊ नये असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरड्या पॉलिश पेपरनं घासला तर ती धूळ नाकात, अंथरुणावर, पाण्याच्या माठात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं घातक असतं. म्हणून कोरडं घासणं नाही, गॅसच्या ज्योतीनं जाळणं नाही. गर्भवती बाई आणि मुलं काम संपेपर्यंत दुसऱ्या घरी.

काम पेंट रिमूव्हरनं करा. हातमोजे जाड घ्या, पातळ प्लास्टिकचे टिकत नाहीत. ब्रशनं एकाच दिशेनं दोन-तीन मिलिमीटर जाड थर द्या, पुढंमागं चोळू नका, कारण रिमूव्हरची वरची साय मोडली की ते लवकर उडतं. त्यावर प्लास्टिकचा कागद टाका. पंधरा-वीस मिनिटांत रंग सुरकुततो आणि फुगतो. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं लांबीच्या पत्र्यानं उचला, कोरीव भागात टूथब्रश आणि पितळी तारेचा ब्रश. लोखंडी तार नको, तिचे तुकडे लाकडात राहून पावसाळ्यात गंजतात. पाच-सहा थर एका फेरीत निघणार नाहीत. शेवटी टर्पेंटाइननं पुसून एक दिवस वाळवा. खरवडलेला रंग वर्तमानपत्रावर गोळा करून पिशवीत बांधा, चुलीत टाकू नका आणि शेणखताच्या ढिगावरही नको.

स्वस्त पडतो म्हणून कॉस्टिक सोडा सुचवला जातो. सागवानाला तो काळपट करतो आणि तो काळेपणा आत शिरलेला असतो. लोखंडी दाराला ठीक, सागवानाला नाही.

दाराच्या पितळी कड्या-कोयंडे रंगारी हमखास रंगवून ठेवतात. ते काढून घ्या आणि स्वयंपाकातून बाद झालेल्या स्टीलच्या पातेल्यात, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर अर्धा तास उकळा. रंग सालासारखा सुटतो. मग चिंच लावून घासलं की पितळ चमकतं. अॅल्युमिनियमच्या कड्यांना मात्र हा प्रयोग नको, सोडा अॅल्युमिनियम काळं पाडतो.

प्लास्टिक, सनमायका, नळ

स्विचबोर्डावर फक्त ओलसर फडकं आणि फार तर स्पिरिट, तेही मेन स्विच बंद करून. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतात. पीव्हीसीची दारं आणि पाण्याच्या टाक्या यांनाही तेच लागू. सनमायक्यावर आधी साबण, मग स्पिरिट. चमकदार सनमायका असेल तर ब्लेड नको. क्रोमच्या नळाला थिनरचं फडकं चालतं, अॅसिड आणि तारेची घासणी चालत नाही.

कपडे आणि अंग

कपड्यावर ओलं इमल्शन पडलं तर कापड उलटं करून मागच्या बाजूनं थंड पाण्याची धार सोडा, म्हणजे रंग आला त्याच वाटेनं बाहेर ढकलला जातो. पुढून चोळलं तर धाग्यांत बसतो. वाळला असेल तर खाली पांढरं फडकं ठेवून स्पिरिटच्या बोळ्यानं टिपत राहा. ऑइल पेंटला टर्पेंटाइननं टिपा, मग लिक्विड चोळून धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. टर्पेंटाइनचा वास येत असलेला कपडा वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आधी हातानं धुऊन बाहेर वाळवा. पैठणी किंवा हिमरूच्या शालीवर घरचे प्रयोग नकोत. तशीच ड्रायक्लीनरकडे न्या आणि डाग कोणत्या रंगाचा ते सांगा.

हातावरचा ऑइल पेंट थिनरनं धुवायची रंगाऱ्यांची सवय उचलू नका, त्यानं कातडी कोरडी पडून फुटते. करडईचं किंवा खोबऱ्याचं तेल दोन मिनिटं चोळा, जाडसर पीठ घेऊन घासा, मग साबण. केसांतल्या रंगालाही तेलच. चुना डोळ्यात उडाला तर पंधरा-वीस मिनिटं सतत स्वच्छ पाण्यानं धुवा आणि सरळ डॉक्टरकडे जा. डोळा चोळायचा नाही.

काम करताना

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फरशीलगत सरकत दुसऱ्या खोलीतल्या ज्योतीपर्यंत पोचते. म्हणून गॅस बंद, आणि देव्हाऱ्यातला दिवाही. नवरात्रात ज्यांच्याकडे अखंड दिवा असतो त्यांनी थिनरची कामं घटस्थापनेआधीच उरकावीत किंवा सुटी होणारी वस्तू अंगणात नेऊन करावीत. महालक्ष्म्या बसल्या असतील तेव्हाही हेच.

अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र होऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. मुलानं प्यायलं तर उलटी करवू नका, उलटीतून ते फुप्फुसात जातं. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात न्या.

ऑइल पेंटची आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात, उन्हाळ्यात जास्तच. दोरीवर एकेक सुटी पसरून उन्हात पूर्ण कडक होऊ द्या, मग कचऱ्यात टाका. उरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस स्थिर ठेवा. रंग तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ टर्पेंटाइन पुढच्या वेळी ब्रश धुवायला निघतं.

इमल्शनच्या भिंतीवरच उडालेल्या ऑइल पेंटच्या थेंबाचं विचाराल तर तो काढूच नका. थिनरनं आजूबाजूचा रंगही निघतो आणि डाग हातभर मोठा होतो. वॉटर पेपरनं (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरनं) उंचवटा सपाट करा, प्रायमरचा एक हात आणि भिंतीच्या उरलेल्या रंगाचे दोन हात द्या. त्यासाठी रंगाऱ्याकडून अर्धा लिटर रंग आणि डब्यावरचा शेड नंबर आधीच मागून ठेवा.